राजवाड्याची बातमी आणि वृत्तपत्रांचें मौन



राजवाड्यांत काय चाललें आहे हें जाणून घेण्याची हौस प्रजेला सर्वकाळीं असते. ही हौस बाष्कळ आहे असें म्हणून शहाणी माणसें नाक मुरडतात, आणि मग दाराआड तींच माणसें ती बातमी चवीनें ऐकतात. आज मला या हौसेची थट्टा करावयाची नाहीं आणि तिची तरफदारीहि करावयाची नाहीं. इंग्लंडचें राजघराणें आणि तेथील वृत्तपत्रें यांच्या संबंधाच्या इतिहासांतील एक प्रकरण आपल्यापुढें मांडावयाचें आहे. तें प्रकरण बडबडीचें नसून मौनाचें आहे.

राजघराण्याची नको ती गोष्ट बाहेर फुटूं नये याकरितां काय करावें, हा पेंच इंग्लंडांत जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं त्यावर पहिला उपाय होता तुरुंगाचा. तिसऱ्या जॉर्जला वेड लागल्यामुळें त्याचा वडील मुलगा राजप्रतिनिधि म्हणून कारभार पाहत होता. १८१२ सालीं 'एक्झॅमिनर' या साप्ताहिकाचा संपादक ली हंट यानें या युवराजावर अत्यंत कडक लेख लिहिला. त्याबद्दल १८१३ सालीं हंटला आणि त्याचा भाऊ जॉन याला दोन दोन वर्षांची कैद व पांचशें पांचशें पौंड दंड झाला. परंतु हंट तुरुंगांतूनहि पत्राचें संपादन करीत राहिला, आणि कवि बायरनसारखे लोक त्याला तेथें भेटावयास गेले. तुरुंगानें टीका थांबली नाहीं. टीकाकार मात्र मोठा झाला.

दुसरा उपाय पैशाचा. हाच युवराज १८२० सालीं चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आला आणि राणी कॅरोलाइन हिच्याशीं काडीमोड घेण्यासाठीं त्यानें पार्लमेंटांत विधेयक आणविलें. राणीच्या वर्तनाची चौकशी उमरावांच्या सभेंत दिवसेंदिवस चालली. वृत्तपत्रांनीं ती पानेंच्या पानें छापली, आणि चित्रें विकणाऱ्या दुकानांच्या खिडक्या राजाच्या व्यंगचित्रांनीं भरून गेल्या. तेव्हां जॉर्ज क्रुकशँक या चित्रकाराला १०० पौंड देऊन, राजाला अनैतिक स्थितींत दाखविणार नाहीं, असें त्याच्याकडून लिहून घेण्यांत आलें. पण राजाच्या संसाराची टर उडविणारें एक पुस्तक त्याच वर्षीं बाहेर पडलें, आणि त्यांतील चित्रें याच क्रुकशँकचीं होतीं! झांकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ १०० पौंड देऊनहि झांकली गेली नाहीं.

तिसरा उपाय सांपडला तो १९३६ सालीं. हा तुरुंगाचा नव्हता आणि लांचेचाहि नव्हता; तो स्नेहाचा होता, आणि पहिल्या दोहोंपेक्षां तो अधिक गुणकारी ठरला.

२० जानेवारी १९३६ रोजीं पांचवा जॉर्ज मरण पावला आणि आठवा एडवर्ड राजा झाला. महाराष्ट्राला त्याचें नांव परकें नव्हतें. नोव्हेंबर १९२१ मध्यें युवराज म्हणून तो मुंबईस उतरला, त्या दिवशीं शहरांत हरताळ पडला व दंगलीहि झाल्या. नंतर पुण्यास श्रीशिवस्मारकाची कोनशिला त्याच्याच हस्तें बसली. राजा झाला तेव्हां तो एकेचाळीस वर्षांचा व अविवाहित होता. त्याचें मन वॉलिस सिम्प्सन या अमेरिकन बाईंवर जडलें होतें. बाईंनीं एकदां घटस्फोट घेतलेला होता आणि त्यांचा दुसरा नवरा हयात होता. इंग्लंडचा राजा हा तेथील धर्मसंस्थेचा प्रमुख असतो, आणि पहिला जोडीदार जिवंत असतां घटस्फोटितांनीं पुनर्विवाह करणें त्या धर्मसंस्थेला त्या काळीं मान्य नव्हतें. म्हणून ही केवळ दोन जिवांची गोष्ट राहिली नव्हती.

त्या उन्हाळ्यांत 'नाह्लिन' नांवाच्या नौकेंतून राजा पूर्व भूमध्य समुद्रांत सहलीस गेला. बाई बरोबर होत्या. अमेरिकेंतील पत्रांत त्या दोघांचीं छायाचित्रें झळकलीं. इंग्लंडांतील मोठ्या दैनिकांनीं सहलीची बातमी दिली; बाईंविषयीं अवाक्षर काढलें नाहीं. अमेरिकन मासिकें व साप्ताहिकें लंडनला येत, तीं कापलेल्या पानांनिशीं ग्राहकांच्या हातीं पडूं लागलीं. हीं पानें कोणा सरकारी अधिकाऱ्यानें कापलीं नव्हतीं. बेअब्रूचा दावा विक्रेत्यावरहि होऊं शकतो, या भीतीनें वितरकांनींच त्यांवर कात्री चालविली होती. मजूर पक्षाच्या सभासद एलेन विल्किन्सन यांनीं नोव्हेंबरांत पार्लमेंटांत प्रश्न विचारला कीं, ब्रिटिश जनतेनें पाहूं नये असें या पानांवर आहे तरी काय? आपल्या खात्याचा याच्याशीं संबंध नाहीं, असें मंत्र्यांनीं उत्तर दिलें. आणि तें अक्षरशः खरें होतें.

हें मौन घडलें कसें, तें पाहण्यासारखें आहे. सिम्प्सनबाईंच्या दुसऱ्या घटस्फोटाचा अर्ज इप्सविच येथील न्यायालयांत येणार होता. १६ ऑक्टोबर रोजीं राजानें 'डेली एक्सप्रेस'चे मालक लॉर्ड बीव्हरब्रुक यांना बोलावून घेतलें आणि या खटल्याचा गवगवा होऊं नये अशी इच्छा सांगितली. बीव्हरब्रुक यांनीं दुसरे वृत्तपत्रमालक एझ्मंड हार्म्सवर्थ यांच्या साह्यानें इतर मालकांना गांठलें. लेख नाहीं, करार नाहीं. सभ्य गृहस्थांनीं एकमेकांना दिलेला शब्द, एवढेंच. २७ ऑक्टोबर रोजीं निकाल लागला आणि पत्रांनीं तो चार ओळींत उरकला. घटस्फोटाच्या खटल्यांतील तपशील छापण्यास १९२६ च्या कायद्यानें मर्यादा घातली होती, ही गोष्ट खरी. पण राजाचें नांव घेऊं नका असें कोणताहि कायदा सांगत नव्हता. कोणाला राजनिष्ठा आड आली, कोणाला बेअब्रूच्या दाव्याचें भय, आणि बहुतेक मोठे मालक तर स्वतःच लॉर्ड झालेले. अशी ही अळीमिळी गुपचिळी जमली.

आतां हें गुपित कोणाला ठाऊक होतें आणि कोणाला नव्हतें, हा प्रश्न विचारला पाहिजे. कारण सगळ्या प्रकरणाचें मर्म त्यांत आहे. लंडनच्या मेजवान्यांत बसणाऱ्यांना तें ठाऊक होतें. ज्यांचे आप्त अमेरिकेंत होते त्यांना पत्रांतून कात्रणें येत होतीं. मंत्र्यांना, संपादकांना, बड्या धर्माधिकाऱ्यांना तें माहीत होतें. १३ नोव्हेंबरला राजाचे खाजगी चिटणीस हार्डिंज यांनीं, हें मौन फार दिवस टिकणार नाहीं, असा लेखी इशारा राजाला दिला. १६ नोव्हेंबरला राजानें पंतप्रधान बॉल्डविन यांना सांगितलें कीं, मी या बाईंशीं विवाह करणार, आणि त्यासाठीं सिंहासन सोडावें लागलें तर सोडीन. यानंतर दोनच दिवसांनीं तो दक्षिण वेल्सच्या दौऱ्यावर गेला. डाउलेसचा बंद पडलेला पोलादाचा कारखाना त्यानें पाहिला आणि यांवर कांहीं तरी उपाय झाला पाहिजे असे उद्गार काढले. बेकार खाणमजुरांनीं त्याचा जयजयकार केला. आपला तारणहार आला असें त्यांना वाटलें. ज्याचा जयजयकार करीत आहों तो राज्य सोडण्याची तयारी पंतप्रधानांना कळवून आला आहे, हें त्या मजुरांना कोणीं सांगितलें होतें? न्यूयॉर्कच्या वाचकाला जें माहीत होतें तें डाउलेसच्या मजुराला माहीत नव्हतें. आणि राजा मात्र त्या मजुराचा होता.

कोंबडें झांकलें म्हणून तांबडें फुटावयाचें राहत नाहीं. १ डिसेंबरला ब्रॅडफर्डचे बिशप ब्लंट यांनीं आपल्या धर्मपरिषदेंत, राजाला ईश्वरी कृपेची गरज आहे व ती गरज त्याला स्वतःला जाणवत असल्याचीं चिन्हें अधिक दिसावयास हवीं होतीं, अशा अर्थाचें भाषण केलें. राजा प्रार्थनेला फारसा जात नाहीं, एवढेंच बिशपांच्या मनांत होतें. बाईंविषयीं बोलण्याचा त्यांचा उद्देश नव्हता. पण 'यॉर्कशायर पोस्ट' व उत्तरेकडील इतर पत्रांनीं तो धागा पकडला, आणि ३ डिसेंबरला लंडनचीं सारीं पत्रें एकदम बोलूं लागलीं.

यापुढील घटना थोड्याच दिवसांत घडल्या. राजाला नभोवाणीवरून आपलें म्हणणें थेट लोकांपुढें मांडावयाचें होतें. मंत्रिमंडळानें त्याला संमति दिली नाहीं. १० डिसेंबरला त्यानें त्यागपत्रावर सही केली. ११ डिसेंबरला पार्लमेंटचा कायदा झाला. त्याच रात्रीं विंझर येथून नभोवाणीवर तो बोलला, पण तेव्हां तो राजा राहिला नव्हता. या विषयावर त्याच्या तोंडचा पहिला शब्द प्रजेनें ऐकला तो सर्व कांहीं संपल्यावर.

मौनाऐवजीं मोकळी चर्चा झाली असती तर निकाल वेगळा लागला असता, असें मी म्हणत नाहीं. कदाचित् तोच लागता. माझें म्हणणें एवढेंच कीं, बॉल्डविन लोकमताच्या नांवानें बोलत होते आणि राजा लोकप्रेमाच्या भरंवशावर होता. पण ज्या लोकांच्या नांवानें हें चाललें होतें त्यांना दोघांपैकीं कोणींच विचारलें नव्हतें. मत बनविण्यास मुळांत माहिती लागते, आणि तीच त्यांच्यापासून काढून घेतलेली होती. मौनानें राजाचाहि तोटाच झाला. मालकांचें तोंड बंद करतां आलें म्हणजे पेंच सुटला, असा भ्रम त्याला सुमारे सात आठवडे बाळगतां आला.

यावर कोणी विचारील कीं, मग राजाला खाजगी आयुष्य असूंच नये काय? असावें. याचें उत्तर इंग्लंडच्या न्यायालयानें फार पूर्वीं दिलें आहे. राणी व्हिक्टोरिया व तिचा पति आल्बर्ट हे हौसेखातर आपल्या घरांतल्या माणसांचीं व पाळीव जनावरांचीं चित्रें कोरीत असत. त्यांच्या कांहीं प्रती बाहेर फुटल्या आणि एका प्रकाशकानें त्यांचें प्रदर्शन मांडून वर्णनात्मक यादी छापण्याचा घाट घातला. आल्बर्ट न्यायालयांत गेला, आणि १८४९ सालीं निकाल त्याच्या बाजूनें लागला. तीं चित्रें पाहण्याची लोकांना उत्सुकता असेल. पण त्यांवांचून त्यांचें कांहीं अडत नव्हतें. १९३६ च्या विवाहाची गोष्ट तशी नव्हती. तिला पार्लमेंटचा कायदा लागला, वसाहतींची संमति लागली, गादीचा वारस बदलला.

दुर्दैवानें पुढील काळांतील पत्रांनीं या प्रकरणापासून भलताच बोध घेतला. १९५३ च्या राज्याभिषेकाच्या दिवशीं राजकन्या मार्गारेट हिनें पीटर टाउनसेंड या अधिकाऱ्याच्या कोटावरचा कण झटकला. तेवढ्यावरून परदेशी पत्रांनीं आरोळी दिली आणि मागून इंग्लिश पत्रेंहि धांवलीं. पुढें दुर्बिणीसारखीं भिंगें लावलेले कॅमेरे आले. १९९५ सालीं बी. बी. सी.नें दाखविलेली राजकन्या डायनाची मुलाखत मिळविण्यासाठीं पत्रकारानें बनावट कागद पुढें केले होते, असें २०२१ च्या चौकशींत ठरलें. ३१ ऑगस्ट १९९७ रोजीं डायना पॅरिस येथें मोटार अपघातांत मरण पावली. मोटार हांकणाऱ्याचा आणि मागून पाठलाग करणाऱ्या वाहनांचा घोर निष्काळजीपणा या मृत्यूस कारण झाला, असा निर्णय २००८ सालीं पंचांनीं दिला. राजघराण्यांतील माणसांच्या दूरध्वनींवरील निरोप चोरून ऐकल्याबद्दल 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'च्या एका बातमीदाराला २००७ सालीं कैद झाली, आणि अशा चोऱ्यांचा बोभाटा होऊन १६८ वर्षांचें तें पत्र २०११ सालीं बंद पडलें.

१९३६ सालीं जें सांगावयास हवें होतें तें लपविलें. पुढें जें सोडून द्यावयास हवें होतें तें चोरून आणून विकलें. वरवर पाहतां या दोन टोकांच्या गोष्टी दिसतात, पण दोहोंचें मूळ एक आहे. काय छापावें हें पहिल्या वेळीं मालकांच्या स्नेहानें ठरविलें, दुसऱ्या वेळीं खपानें. वाचकाला खरोखर काय कळणें आवश्यक आहे, हा विचार दोन्ही वेळां मागें पडला.

म्हणून राजाची असो वा कोणा थोराची असो, घरांत अशी बातमी वाचतांना प्रत्येकानें एक प्रश्न स्वतःला विचारावा: हें मला कळलें नसतें तर माझ्या नांवानें होणाऱ्या कोणत्या निर्णयांत मी फसलों असतों? उत्तर सांपडलें तर ती बातमी आपल्या हक्काची आहे, आणि ती दडविणाऱ्याला आपण जाब विचारला पाहिजे. उत्तर सांपडलें नाहीं, तर ती दुसऱ्याच्या घरची गोष्ट आहे. ती तेथेंच राहूं द्यावी.