कमाल : फळी, दोरी आणि गाठींची कुळकथा

कमाल हे ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजण्याचे दर्यावर्दी उपकरण आहे. पातळ लाकडाची किंवा शिंगाची एक चौकोनी फळी, तिच्या मधोमध एक भोक आणि त्या भोकातून ओवलेली, गाठी मारलेली दोरी, एवढाच त्याचा पसारा. काटा नाही, आरसा नाही, कोरलेले अंशही नाहीत. तरीही अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर ओलांडणाऱ्या खलाशांनी हे उपकरण आणि त्याची जुनी भावंडे कित्येक पिढ्या वापरली आणि आपली गलबते नेमक्या बंदराला लावली.

या मापनाची सुरुवात हाताच्या बोटांपासून झाली. हात समोर ताठ धरायचा, बोटे आडवी करायची आणि क्षितिज व तारा यांच्यामध्ये किती बोटे मावतात ते पाहायचे. अरबी नौकानयनातले ‘इस्बा’ हे एकक म्हणजे हेच बोट. पंधराव्या शतकातला जुल्फारचा नाखवा आणि ग्रंथकार अहमद इब्न माजिद पूर्ण वर्तुळाचे २२४ इस्बा धरतो. म्हणजे एक इस्बा सुमारे १ अंश ३६ मिनिटांचा होतो. आकाशातले हे माप समुद्रावरच्या पल्ल्याशी जोडलेले होते. गलबत थेट उत्तरेला जात असेल, तर ध्रुवतारा एक इस्बा वर चढेपर्यंत आठ ‘झाम’ होतात, असा हिशेब होता. एक झाम म्हणजे तीन तासांची वाटचाल. थोडक्यात, एका दिवसरात्रीच्या प्रवासात ध्रुव एक बोट चढतो किंवा उतरतो. आजच्या मापात हे अंतर सुमारे १८० किलोमीटर भरते. आभाळ, वेळ आणि अंतर यांना एका बोटात बांधणारी ही पद्धत मोठ्या बुद्धीची होती.

मात्र बोट माणसागणिक बदलते. म्हणून बोटांच्या जागी ठरावीक मापाच्या फळ्या आल्या. लहान-मोठ्या फळ्यांचा संच असे. डोळ्यापासून त्यांचे अंतर कायम राहावे म्हणून दोरी वापरत आणि जी फळी क्षितिज व तारा यांच्यामध्ये बरोबर बसेल तिच्यावरून उंची ठरे. मिंग काळातल्या चीनमध्येही असाच संच होता. त्यात आबनूस लाकडाच्या बारा फळ्या आणि बारीक मापासाठी खाचा पाडलेला हस्तिदंताचा तुकडा असल्याची नोंद आहे. तिथले एककही ‘बोट’ हेच होते.

कमालमध्ये ही कल्पना उलटी झाली. फळी एकच ठेवली आणि तिचे डोळ्यापासूनचे अंतर बदलू दिले. फळी जवळ आणली की ती आकाशाचा मोठा भाग झाकते, लांब नेली की लहान. वापरताना दोरीची गाठ दातांत धरतात, फळी पुढे ढकलून दोरी ताणतात, फळीची खालची कड क्षितिजाला टेकवतात आणि वरच्या कडेला तारा लागतो का ते पाहतात. लागला नाही तर पुढची गाठ. ध्रुवताऱ्याची उंची ठिकाणच्या अक्षांशाइतकी धरली, तर ५ सेंटिमीटर उंचीच्या फळीसाठी मुंबईची गाठ फळीपासून सुमारे १५ सेंटिमीटरवर येते, गोव्याची साधारण साडेअठरावर आणि कालिकतची पंचवीस सेंटिमीटरच्या थोडी पुढे. दक्षिणेला जावे तसतशा गाठी लांब लांब पडत जातात.

गाठी दोन प्रकारे मारता येत. एक प्रकार इस्ब्यांचा. दुसरा थेट बंदरांचा: बंदरात उभे राहून तारा पाहायचा आणि तिथेच गाठ मारायची. या दुसऱ्या प्रकारात खलाशाला आकडा ठाऊक असण्याची गरजच उरत नाही. परतताना भर समुद्रात त्या बंदराच्या गाठीवर तारा येईपर्यंत उत्तर-दक्षिण सरकायचे आणि मग तारा त्याच उंचीवर राखत पूर्वेला किंवा पश्चिमेला किनारा गाठायचा. रेखांश मोजायचे साधन कोणाकडेच नव्हते. त्या काळात ही रीत सर्वांत भरवशाची होती.

यात एक मोठी अडचण होती. ध्रुवतारा तेव्हा खऱ्या ध्रुवबिंदूपासून आजच्यापेक्षा बराच दूर होता. इ.स. १५०० च्या सुमारास हे अंतर जवळजवळ साडेतीन अंश होते, त्यामुळे चोवीस तासांच्या फेरीत ताऱ्याची उंची सात अंशांपर्यंत बदले. ही चूक गलबताला शेकडो किलोमीटर भलतीकडे नेण्याइतकी मोठी. म्हणून तारा फेरीच्या तळाशी असतानाचे माप मूळ धरत आणि इतर वेळी चंद्राच्या अठ्ठावीस नक्षत्रांपैकी कोणते कुठे आले आहे ते पाहून दुरुस्ती करत. विषुववृत्ताजवळ ध्रुव क्षितिजावरच्या धुरकटात हरवतो, तेव्हा सप्तर्षींचे आणि लघु सप्तर्षींचे तेजस्वी तारे मदतीला घेत. खरी विद्या या दुरुस्त्यांत होती. फळी कोणालाही करता आली असती.

एवढे करूनही चौल आणि दाभोळ यांच्यातला फरक कमालवर ओळखणे कठीणच, कारण या दोन बंदरांच्या अक्षांशांत जेमतेम एक अंशाचे अंतर आहे. तिथे पाण्याचा रंग, शिसे सोडून घेतलेली खोली, पक्षी आणि पाण्यावर दिसणारे साप कामी येत. भारताचा किनारा जवळ आल्याची खूण म्हणून समुद्रसापांचा उल्लेख पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तकातही आहे.

युरोपीयांची या फळ्यांशी गाठ १४९८ मध्ये पडली. वास्को द गामा २४ एप्रिलला पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदीहून निघाला तो स्थानिक वाटाड्याला बरोबर घेऊनच. २९ एप्रिलला ध्रुवतारा पुन्हा दिसू लागल्याची नोंद त्या सफरीच्या रोजनिशीत आहे आणि २० मे रोजी जहाजे कालिकतजवळ नांगरली. हा वाटाड्या इब्न माजिद होता, असे नंतर सांगितले गेले, पण त्याला भक्कम आधार नाही. पोर्तुगीज इतिहासकार जुआंव द बारुश त्याला गुजरातचा म्हणतो. बारुशच्याच वृत्तांतानुसार गामाने या वाटाड्याला ताऱ्याची उंची मोजण्याचे मोठे लाकडी अ‍ॅस्ट्रोलेब दाखवले, तेव्हा त्याला काहीच नवल वाटले नाही. आपण आणि खंबायतचे खलाशी तीन फळ्यांच्या उपकरणावर चालतो, असे त्याने सांगितले. हिंदी महासागर पार करण्याची विद्या इथे आधीच पक्की होती, याचा याहून बोलका पुरावा शोधावा लागत नाही.

दोनच वर्षांनी पोर्तुगीज दर्यावर्दी काब्राल याच्या ताफ्यावर या ‘हिंदुस्थानच्या फळ्या’ होत्या. ताफ्यातला ज्योतिर्विद मेस्त्रे जोआंव याने १ मे १५०० रोजी ब्राझीलहून राजाला लिहिलेल्या पत्रात त्यांच्याविषयी तक्रार आहे: फळ्यांवर काम करणे फार कष्टाचे आणि लिस्बनपासून कॅनरी बेटांपर्यंतच मोजणाऱ्यांच्या आकड्यांत तीन-चार बोटांची तफावत. उपकरण त्यांच्या हाती लागले होते, पण पिढ्यान्‌पिढ्यांचा सराव काही त्याच्यासोबत आला नव्हता.

या विद्येचा एक महत्त्वाचा ग्रंथ अहमदाबादेत लिहिला गेला. तुर्की आरमारप्रमुख सिदी अली रईस याचा ताफा वादळात मोडला आणि त्याला गुजरातमध्ये आसरा घ्यावा लागला. तिथे १५५४ मध्ये त्याने अरब नाखव्यांच्या ग्रंथांच्या आधारे ‘मुहीत’ रचला. एकोणिसाव्या शतकात त्याचे भाग इंग्रजीत येऊ लागले, तेव्हा ‘इस्बा’ कसा मोजत असतील हा प्रश्न कलकत्त्याच्या जेम्स प्रिन्सेपला पडला. ब्राह्मी लिपी उलगडणारा हाच तो प्रिन्सेप. त्याने पोथ्या धुंडाळण्यापेक्षा बंदरात आलेल्या अरब खलाशांना विचारले आणि १८३६ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात कमालचे वर्णन छापले. १८५० मध्ये काँग्रीव्ह नावाच्या इंग्रजाने कोरोमंडल किनाऱ्यावरच्या खलाशांचे असेच उपकरण नोंदवले; त्याच्या दोरीतल्या गाठी बंदरांच्या अक्षांशांना जुळणाऱ्या होत्या.

तोवर आरशाने कोन मोजणारे ऑक्टंट (१७३१) आणि त्यापाठोपाठ सेक्स्टंट मोठ्या जहाजांवर रुळले होते. पुढे आगबोटी आल्या, शिडाची गलबते घटली आणि कमालही मागे पडला. लक्षद्वीपच्या मालमींनी, म्हणजे तिथल्या वाटाड्यांनी, ताऱ्यांची मापे आणि मार्ग ‘राहमानी’ नावाच्या वह्यांत उतरवून ठेवले. अशा नौकानयन परंपरांचा अभ्यास मुंबई विद्यापीठातले भूगोलतज्ज्ञ बी. अरुणाचलम यांनी केला आणि कवरत्ती बेटावरच्या एका मालमीची राहमानी लोतिका वरदराजन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केली.