बहिणाबाईंची वही

मराठीच्या बाई आपल्याला बहिणाबाई गाऊनच शिकवायच्या. त्या कवितांची वही झाली कशी, हे मात्र मला खूप उशिरा कळलं. १८८० साली असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात हात चालू असताना त्या ओव्या रचायच्या. मुलगा सोपानदेव आणि त्यांच्या मावसभावाने जमेल तेवढ्या उतरवून घेतल्या, बाकीच्या गेल्या. बॅकअपच नव्हता, आम्ही इंजिनीअर म्हणू! (आपल्या आज्यांच्या ओव्यांचंही तेच झालं.) ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई वारल्या. आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली १९५२ मध्ये. आईने पुस्तक पाहिलंच नाही. २०१८ पासून जळगाव-धुळ्याच्या पोरांच्या पदवीवर विद्यापीठाचं नाव म्हणून त्यांचंच नाव असतं.