जुन्या ट्रकची तेलगळती : सीलच्या इतिहासातून एक धडा

म्हैसूर जिल्ह्यातील कृष्णराजनगर तालुका भाताचे कोठार म्हणून ओळखला जातो. अशा शेतीच्या भागात धान्य आणि ऊस वाहणाऱ्या जुन्या ट्रकखाली, इंजिन व क्लच जिथे जोडलेले असतात तिथे, बहुधा तेलाचा डाग दिसतो. मागचे ऑइल सील बदलले तरी काही दिवसांत गळती पुन्हा सुरू होते. असे का होते, हे समजण्यासाठी सीलचा इतिहास उपयोगी पडतो.

क्रँकशाफ्ट फिरतो आणि इंजिनाचा ब्लॉक स्थिर असतो. त्यामुळे शाफ्ट बाहेर पडतो तिथे थोडी फट ठेवावीच लागते. या फटीतून तेल बाहेर येऊ नये म्हणून तीन प्रकारचे उपाय झाले.

पहिला उपाय स्पर्श न करता तेल परतवण्याचा. शाफ्टवर एक उभी कडा असे. ती तेल बाजूला फेकून देई. तिच्यापुढे स्क्रूसारखे आटे असत. शाफ्ट फिरताना हे आटे तेल आत ढकलत. येथे घर्षण नाही, म्हणून झीजही नाही. पण फट अगदी बारीक असावी लागते. मुख्य बेअरिंग झिजले की शाफ्ट खाली बसतो आणि हे गणित बिघडते.

दुसरा उपाय दोरीचा. ग्रॅफाइट लावलेली अॅस्बेस्टॉसची दोरी दोन अर्ध्या भागांत बसवीत: अर्धी ब्लॉकमध्ये, अर्धी बेअरिंगच्या टोपीत. ती तेलात भिजवून, नीट ठोकून बसवावी लागे आणि टोके अचूक कापावी लागत. यात मिस्त्रीचा हात महत्त्वाचा होता.

तिसरा उपाय ओठाच्या सीलचा. जर्मनीत वाइनहाइम येथील फ्रॉइडेनबर्ग या कातडी कमावणाऱ्या कंपनीने 1929 मध्ये चामड्याची सील बनवायला सुरुवात केली. 1930 च्या दशकात चामड्याची जागा कृत्रिम रबर घेऊ लागले. 1957 मध्ये ड्यूपाँटचे व्हायटॉन हे जास्त उष्णता सोसणारे रबर बाजारात आले. या सीलचा ओठ शाफ्टला सतत टेकलेला असतो. म्हणून तेल चांगले अडते. पण कालांतराने शाफ्टवर खाच पडते.

भारतात 1954 मध्ये टेल्कोने डेमलर-बेन्झशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. 1969 मध्ये करार संपला, तरी आराखड्यांचा वारसा राहिला. टाटांच्या 697 इंजिनात 97 मिमी व्यासाचे सहा सिलिंडर आणि 128 मिमी धाव असते. म्हणजे 5,675 घनसेंटीमीटर. ही मापे जर्मन ओएम 352 इंजिनाचीच आहेत. 1977 पासून पुण्याच्या कारखान्यातूनही ट्रक बाहेर पडू लागले. त्या पिढीच्या इंजिनांत मागे दोरीचे सील सर्रास आढळे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तिन्ही उपायांत एक गृहीत समान आहे: क्रँककेसमध्ये दाब फारसा नसेल. पिस्टन रिंग झिजल्या की जळालेला वायू खाली उतरतो. त्यातच ब्रीदरची नळी चिकट्याने तुंबली, तर दाब वाढतो आणि सर्वांत कमजोर जागेतून तेल बाहेर ढकलतो. अशा वेळी सील कितीही नवे असले तरी ते टिकत नाही. सील हे बहुधा रोगाचे ठिकाण असते, कारण नव्हे.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी इंजिन धुऊन कोरडे करावे आणि चालवून तेल कुठून येते ते पाहावे. वरच्या झाकणाच्या गॅस्केटमधले तेलही ओघळून मागे जमते. मग ब्रीदर साफ करावा. त्यानंतर रिंगांची गळती आणि मुख्य बेअरिंगचा खेळ मोजावा. गिअरबॉक्स उतरवल्यावर शाफ्टची खाच बोटाने तपासावी. खाच असल्यास ओठ तिच्या शेजारी टेकेल असे सील बसवावे किंवा शाफ्टवर बारीक स्लीव्ह चढवावी. सील बदलणे हे शेवटचे काम आहे.

स्वाध्याय : ओठाच्या सीलपेक्षा आट्यांचे सील कोणत्या परिस्थितीत अधिक टिकेल? कारणे द्या.