अंदाजाकडून धिटाईकडे

स्वयंपाक चांगला झाला की आपण 'हाताला चव आहे' असे म्हणतो. या तीन शब्दांनी कित्येक सुगरणींचे कौतुक झाले, तसा कित्येक नव्या सुनांचा धीरही खचला. मीठ किती घालू, असे विचारले की उत्तर मिळे, 'अंदाजाने घाल.' आणि अंदाज चुकला की बोलणी ठरलेली!

ही कोंडी आधी पुस्तकांनी फोडली. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' 1910 मध्ये निघाले. 1970 मध्ये कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' आली आणि तिने वाटी-चमच्याचे माप घरोघर रूढ केले. तरी छापील मजकुराला मर्यादा असते. कांदा गुलाबी होईपर्यंत परता, हे वाचून कळते. पण गुलाबी म्हणजे नेमका किती, हे डोळ्यांनीच पाहावे लागते.

ते काम पडद्याने केले. अमेरिकेत 1963 मध्ये जूलिया चाइल्ड यांचा कार्यक्रम बोस्टनहून सुरू झाला. एकदा बटाट्याचे धिरडे उलटवताना ते शेगडीवर सांडले. बाईंनी ते उचलून पुन्हा तव्यात ठेवले आणि स्वयंपाकघरात आपण एकटेच असतो, कोण बघतंय, अशा अर्थाचे काही म्हणून पुढे चालू लागल्या. प्रेक्षक त्या दिवशी पाककृतीपेक्षा धिटाई शिकले असावेत.

आपल्याकडे 1993 मध्ये झी टीव्हीवर 'खाना खजाना' सुरू झाला. संजीव कपूर हसत, घाई न करता रांधत. आमचे केडगाव पुणे रस्त्यावरचे, नगर शहराला लागून असलेले. इथे ज्यांच्याकडे केबल होती, त्यांच्या घरी शेजारणी वही-पेन घेऊन बसत. सांगितलेला एखादा जिन्नस इथल्या किराणा दुकानात नसे. मग चीजऐवजी पनीर, नाहीतर सरळ घरचे लोणी! अशा बदलांतून बायका शिकल्या, की कृती म्हणजे काही कायदा नव्हे. शिवाय एक पुरुष ॲप्रन बांधून मनापासून रांधतो आहे, हे घरातले पुरुषही पाहत होते. त्याचा परिणाम मोजता येत नाही, पण मला तो मोठा वाटतो.

2007 मध्ये झी मराठीवर 'आम्ही सारे खवय्ये' आले. प्रशांत दामले सूत्रधार, आणि ओट्याशी तुमच्या-आमच्या घरातल्या बायका. बघणारी आता दाखवणारी झाली.

या प्रवासाचा पुढचा टप्पा तर आमच्या नगर तालुक्यातच घडला. सारोळा कासार इथल्या सुमन धामणे यांच्याकडे नातवाने पावभाजी मागितली. त्यांना ती येत नव्हती. नातवाने चित्रफिती दाखवल्या. आजींना वाटले, याहून चांगली मी करीन. आणि केलीही! 2020 मध्ये 'आपली आजी' हे त्यांचे यू-ट्यूब चॅनेल घरोघर पोचले. टाळेबंदीचे दिवस, हॉटेले बंद, आणि शिकवायला गावाकडची आजी. आजवर शहराने गावाला शिकवले. आता शहरातली मुले बाजरीची भाकरी थापायला गावाकडून शिकू लागली.

लोकांना आवडलेले हे सगळे बल्लवाचार्य एकाच गोष्टीमुळे लाडके झाले. 'तुला जमेल' हे त्यांनी पाहणाऱ्याला पटवून दिले. आपल्या घरात पहिल्यांदा पोळी लाटणाऱ्या मुलीला, आणि मुलालाही, तेवढे दोन शब्द आपणही द्यायला काय हरकत आहे? नकाशा झालेली पोळीही तव्यावर फुगते.