कंडक्टर धावत नव्हता

गेल्या पावसाळ्यात माझा उजवा गुडघा दुखायला लागला. आधी जिना उतरताना, मग चढताना, मग नुसतं बसलं तरी. डॉक्टरांनी तपासलं आणि काही महिने धावणं बंद करायला सांगितलं. पीएच.डी.च्या चौथ्या वर्षात हे ऐकून काय वाटतं, ते तुमच्यातल्या काहींना यथावकाश कळेलच. सकाळचा तो अर्धा तास सोडला तर माझ्या दिवसात लॅब, एक्सेल आणि गाईडचे मेसेज याशिवाय काही उरलं नव्हतं. “त्याऐवजी चाला वगैरे,” डॉक्टर म्हणाले. त्या ‘वगैरे’चा मला राग आला. खरं तर राग स्वतःचाच होता, कारण धावणं हाच खरा व्यायाम आणि बाकी सगळं वगैरे, हे माझ्याच डोक्यात पक्कं बसलेलं होतं.

हे डोक्यात बसवलं कुणी, हे शोधायला लागले आणि कोर्सवर्कमध्ये एका स्लाइडवर पाहिलेलं नाव पुन्हा समोर आलं. जेरी मॉरिस. माझा विषय मातीतले जिवाणू, हृदयविकाराशी माझा काही संबंध नाही. पण पेपर वाचायला बसले आणि दोन रविवार त्यातच गेले. तुमचे गुडघे ठणठणीत असले तरी ही गोष्ट वाचा. सिनॉप्सिस लिहिताना ‘तुलनेसाठी गट कोणता?’ हा प्रश्न तुम्हाला कुणीतरी विचारणारच आहे.

मॉरिस यांचा जन्म 1910 चा, लिव्हरपूलचा. वाढले ग्लासगोत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय दलात होते, त्यातला काही काळ भारतात आणि ब्रह्मदेशात. युद्धानंतर लंडनमध्ये सामाजिक वैद्यकाचं एक संशोधन केंद्र उभं राहिलं, त्याचे ते प्रमुख झाले. त्या वेळी ब्रिटनमध्ये मध्यमवयीन पुरुष हृदयविकाराच्या झटक्याने मोठ्या संख्येने मरत होते आणि कारण कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. व्यायामाकडे तर कुणी बघतच नव्हतं. मॉरिस यांनी बघायला घेतलं ते माणसांच्या कामाकडे.

आता डोळ्यांसमोर डबलडेकर बस आणा. मुंबईकरांना अवघड जाणार नाही, बेस्टच्या ताफ्यात ती 1937 पासून होती. ड्रायव्हर पुढे बसलेला. कंडक्टर खाली-वर, खाली-वर, तिकिटं फाडत. लंडनमध्येही तेच. दोघांची बस एक, धूर एक, पाळ्या साधारण सारख्या, पगारात फार फरक नाही, राहायचे बहुतेक एकाच प्रकारच्या वस्त्यांत. फरक मुख्यतः एवढाच की ड्रायव्हर पाळीतला नव्वद टक्के वेळ बसून असायचा आणि कंडक्टर दिवसाला 500 ते 750 पायऱ्या चढायचा. प्रयोगशाळेत असे दोन गट बनवायला गेलात तर नैतिकता समिती तुम्हाला दारातूनच परत पाठवेल. इथे वाहतूक मंडळाने ते आयतेच बनवून ठेवले होते.

निष्कर्ष 1953 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. 35 ते 64 वयाच्या सुमारे 31 हजार पुरुष कर्मचाऱ्यांची माहिती होती. हृदयविकाराचं वार्षिक प्रमाण ड्रायव्हरांत हजारी 2.7 आणि कंडक्टरांत हजारी 1.9. शिवाय कंडक्टरला झटका आलाच तर तो उशिरा वयात यायचा आणि लगेच मृत्यू होण्याचं प्रमाण कमी असायचं. आकडे कसे वाचायचे याची सवय इथेच लावून घ्या. सापेक्ष पाहिलं तर कंडक्टरांत जवळजवळ 30 टक्के कमी. निव्वळ पाहिलं तर वर्षाला हजारात एका माणसाचाही फरक नाही. दोन्ही खरं आहे. बातमीत फक्त पहिलं छापून येतं.

त्याच अभ्यासात टपाल खातंही होतं. सायकलवरून किंवा पायी पत्रं वाटणारे पोस्टमन एका बाजूला, टेबलावरचे कारकून आणि टेलिफोन ऑपरेटर दुसऱ्या बाजूला. चित्र तसंच दिसलं. चढणारा, चालणारा, सायकल मारणारा माणूस वाचत होता. व्यायामाच्या विज्ञानाची सुरुवात ज्या पुराव्यापासून झाली असं मानलं जातं, त्यात धावणारा माणूस कुठेच नाही.

आपण असतो तर इथे पेढे वाटले असते. मॉरिस यांनी आपल्याच निष्कर्षावर हल्ला केला. प्रश्न साधा होता. ड्रायव्हर बसून बसून आजारी पडतो, की आधीच आजाराकडे झुकलेली माणसं बसायची नोकरी पत्करतात? याला स्व-निवड म्हणतात आणि अर्ध्याअधिक निरीक्षणात्मक अभ्यासांचा जीव त्यातच जातो. तपासायचं कसं? प्रत्येकाचं नोकरीला लागतानाचं वजन कुठून आणणार? पण एक गोष्ट मंडळाकडे होती, गणवेशाच्या मापांची नोंद. 1956 मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच दुसरा निबंध आला आणि त्याच्या शीर्षकात चक्क ‘गणवेशांचं साथरोगशास्त्र’ असे शब्द होते. ड्रायव्हरांच्या विजारींचा कमरेचा घेर कंडक्टरांपेक्षा जास्त निघाला, आणि तोही तरुण वयापासूनच. म्हणजे संशय खरा होता. दोन गट सुरुवातीपासून सारखे नव्हतेच.

मला हा निबंध 1953 च्या निबंधापेक्षा जास्त आवडतो. आपला गाजलेला निष्कर्ष डळमळेल असा पुरावा त्यांनी स्वतः शोधला आणि त्याच नियतकालिकात छापला. पुढे सडपातळ, मध्यम आणि जाड असे भाग पाडून पाहिलं, तेव्हा प्रत्येक भागात अचानक मृत्यूचं प्रमाण कंडक्टरांत कमीच राहिलं. गोष्ट टिकली, पण 1953 इतकी गुळगुळीत राहिली नाही. तुमच्या प्रबंधातही कुठेतरी अशा विजारी लटकलेल्या असतील. शोधा, नाहीतर व्हायवाच्या दिवशी परीक्षक शोधतील.

नंतर मॉरिस बसकडून ऑफिसकडे वळले. माणसं कामावर हलेनाशी झाली होती, मग फावल्या वेळातल्या हालचालीचा उपयोग होतो का, हे पाहायचं होतं. 1968 ते 70 या काळात त्यांनी 40 ते 64 वयाच्या 16,882 सरकारी अधिकाऱ्यांना एका सोमवारी सकाळी गाठून, आधीच्या शुक्रवारी आणि शनिवारी काय काय केलं ते पाच-पाच मिनिटांच्या हिशेबाने लिहायला लावलं. एक कामाचा दिवस, एक सुट्टीचा. ‘तुम्ही व्यायाम करता का?’ असं विचारलंच नाही, कारण त्याचं उत्तर सगळेच ‘हो, अधूनमधून’ असं देतात. प्रश्नावली बनवणार असाल तर हे लिहून ठेवा.

1973 ला आलेलं उत्तर मला अनपेक्षित होतं. पुढे ज्यांना झटका आला त्यांच्यापैकी 11 टक्क्यांनी त्या दोन दिवसांत काही जोरकस व्यायाम नोंदवला होता, तर न आलेल्या तुलनेच्या गटात 26 टक्क्यांनी. जोरकस म्हणजे मिनिटाला साधारण साडेसात किलोकॅलरीपर्यंत शरीराला नेणारं काहीतरी. बागेत झारीने पाणी घालणं, रमतगमत फिरणं यांचा फायदा दिसला नाही. 9,376 अधिकाऱ्यांचा पुढचा अभ्यास 1990 मध्ये छापला, त्यात हे आणखी स्पष्ट झालं. जोरकस खेळ खेळणारे, भरपूर सायकल चालवणारे आणि ताशी 6.4 किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने चालणारे, यांच्यात हृदयविकार इतरांच्या निम्म्याहून कमी. आणि ‘कॉलेजात असताना मी खूप खेळायचो’ म्हणणाऱ्यांच्या पदरात काहीच पडलं नाही. जुना व्यायाम खात्यात शिल्लक राहत नाही, चालू असावा लागतो. हे वाचून मी माझी दहावीतली खो-खोची ढाल मनातल्या मनात खाली उतरवली.

इथे माझ्या डोक्यातला गोंधळ सुटला. आपण दोन वेगळ्या गोष्टी एक धरतो. एक म्हणजे सांध्यांवरची आदळआपट आणि दुसरी म्हणजे हृदयाला पडणारे कष्ट. धावताना दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात, त्यामुळे जमिनीवर येताना शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट बल पायावर येतं. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो, बल वजनापेक्षा थोडंच जास्त. सायकलवर वजन सीट पेलते, पाण्यात पाणीच पेलतं. पण त्या सायकलवर किंवा पाण्यात धाप लागू शकते, चांगलीच लागू शकते. आदळआपट कमी म्हणजे कष्ट कमी असं नाही. कंडक्टरच्या पायऱ्या नेमक्या अशाच होत्या. (धावण्याने सगळ्यांचेच गुडघे झिजतात, असा अर्थ कृपया काढू नका. माझा दुखला, एवढंच.)

मग धावणं सगळ्यांच्या वर जाऊन कसं बसलं? त्याचं श्रेय बरंचसं अमेरिकेला. हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांचं ‘एरोबिक्स’ हे पुस्तक 1968 चं. त्यात पोहणं, सायकल, चालणं या सगळ्याला गुण होते, आठवड्याला 30 जमवायचे. पण धावायला फक्त बूट लागतात आणि कमी वेळात जास्त गुण मिळतात. 1977 मध्ये जिम फिक्स यांचं धावण्यावरचं पुस्तक तुफान खपलं आणि 1984 मध्ये ते धावतानाच हृदयविकाराने गेले, वयाच्या 52 व्या वर्षी. त्यांचे वडील 43 व्या वर्षी त्याच आजाराने गेले होते, हे त्या वेळच्या थट्टेत हरवून जायचं. स्वतः मॉरिसही लंडनमध्ये जॉगिंग करायचे, लोक वळून बघायचे म्हणतात! तर राग धावण्यावर नको.

उलटी लाट 1989 ला आली. डॅलसमधल्या कूपर यांच्याच संस्थेत स्टीव्हन ब्लेअर आणि सहकाऱ्यांनी 13,344 स्त्री-पुरुषांची तंदुरुस्ती ट्रेडमिलवर मोजून पुढे मृत्यूंचा हिशेब ठेवला. सगळ्यात मोठा फरक अतितंदुरुस्त आणि तंदुरुस्त यांच्यात नव्हता, तो तळाच्या गटात आणि त्याच्या लगेच वरच्या गटात होता. ती एक पायरी रोजच्या भरभर चालण्याने चढता येण्यासारखी. 1995 ची अर्ध्या तासाच्या मध्यम व्यायामाची अमेरिकी शिफारस याच धाटणीच्या पुराव्यावर उभी राहिली. मॉरिस आणि ब्लेअर यांच्यात विरोध दिसतो ना? एक म्हणतो जोर हवा, दुसरा म्हणतो थोडंही चालेल. माझ्या मते दोघांची मोजमापं वेगळी आहेत. एकाने सवय विचारली, दुसऱ्याने क्षमता मोजली. शिवाय भरभर चालणं दोघांकडेही पास होतं. या दोन निबंधांवर जर्नल क्लब घ्या, एक तास भांडणात छान जाईल.

आवडीचं काय, हे मात्र या निबंधांत फारसं नाही. कंडक्टरला कुणी विचारलं नव्हतं, जिना आवडतो का म्हणून. त्याला पगार मिळत होता. आपल्याला मिळत नाही, म्हणून आपल्याला आवड लागते. मी सायकल पाहिली, पण आमच्या रस्त्यावर जीव मुठीत धरावा लागायचा. तलाव आवडला, पण त्याच्या वेळा आणि माझ्या नमुन्यांच्या वेळा जुळेनात. शेवटी पर्वती. शंभरेक पायऱ्या, वरून पुणं दिसतं, आणि रोज भेटणाऱ्या एक आजी आहेत ज्या मला मागे टाकून “काय गं, दमलीस?” विचारतात. चढताना गुडघा गप्प असतो, उतरताना बोलतो, म्हणून उतरणं हळू. दोन वाक्यं सलग बोलता येऊ नयेत एवढा वेग चढताना ठेवते. आजींना उत्तर देता येत नाही, म्हणजे वेग बरोबर आहे.

मॉरिस यांची सोमवारची वहीसुद्धा मी स्वतःवर करून पाहिली. शुक्रवार आणि शनिवार, पाच-पाच मिनिटांचे रकाने. पहिल्या खेपेला पर्वतीचे रकाने निघाले सात आणि खुर्चीचे एकशे एकतीस. ते गाईडना दाखवलं. त्यांनी वही उलटसुलट पाहिली आणि विचारलं, “यात थिसिसचे रकाने किती?”