करारातली जात आणि खैरलांजी

दोस्तांनो, वंशभेदाविरुद्धचा जागतिक करार १९६५चा. त्यात ‘जन्मकुळ’ हा शब्द भारतानंच सुचवला, १९६८ला करार मंजूर केला. पुढं जातीचा सवाल आला तसं सरकार म्हणालं, जात त्यात बसत नाही! २००२ला कराराच्या समितीनं सांगितलं, बसते.

पण नुसत्या करारानं कोर्टात हक्क मिळत नाही. घटनेच्या कलम २५३नं त्यासाठी कायदा करायचा अधिकार संसदेला दिलाय.

कायदा तर आपल्याकडं होताच, १९८९चा अॅट्रॉसिटी. २९ सप्टेंबर २००६ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे घरातले चौघं मारले. २००८ला भंडाऱ्याच्या कोर्टानं खून मानला, अॅट्रॉसिटी नाही.

जिनिव्हात सरकारला जात दिसली नाही, भंडाऱ्यात कोर्टाला. म्हणून गड्यांनो, फिर्यादीत, पंचनाम्यात, साक्षीत जात नोंदवूनच उठा.