केसपेपरची कुळकथा

तळोद्याच्या सरकारी दवाखान्यात दुखणं कोणतंही असो, सुरुवात एकाच वाक्याने होते : 'आधी केसपेपर काढा.' यातला 'केस' इंग्रजीमार्गे लॅटिनमधून आला आणि त्याच्या मुळाशी अर्थ आहे 'पडणे'. आपणही आजारी 'पडतोच'. तेव्हा केसपेपर म्हणजे पडलेल्या माणसाचा कागद.

हा कागद आधी डॉक्टरच्या मालकीचा होता. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये प्रत्येक डॉक्टरची वही वेगळी असे. एकच रोगी चार वह्यांत विखुरलेला. १९०७ साली हेन्री प्लमर यांनी प्रत्येक रोग्याला एक क्रमांक दिला आणि त्याचे सगळे कागद एकत्र बांधले. पुढे लॉरेन्स वीड यांनी १९६८मध्ये नोंदीला शिस्त लावली : रोगी काय सांगतो, तपासणीत काय दिसतं, त्यावरून निष्कर्ष काय, पुढे करायचं काय. फिजिओथेरपिस्ट आजही याच चार खणांत लिहितात.

आपल्याकडे फिजिओथेरपीचं शिक्षण पोलिओच्या साथीमुळे सुरू झालं, १९५३ साली मुंबईच्या केईएममध्ये. डॉक्टरकडून फिजिओथेरपिस्टकडे जाणारी चिठ्ठी मात्र बहुतेकदा एका ओळीची : 'फिजिओथेरपी द्यावी.' तिचं उत्तर परत डॉक्टरकडे क्वचितच जातं.

सातपुड्याच्या पायथ्याच्या तळोद्यात ही उणीव महाग पडते. इथल्या भिल्ल, पावरा वस्त्यांत सिकलसेलचा आजार आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, कधी मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून खुबा झिजतो. असा रोगी खुबा दुखतो म्हणून येतो. त्याचा सिकलसेल ठाऊक नसेल, तर दुखऱ्या जागी बर्फ ठेवला जाईल. आणि गारठ्याने तर वेदनांचा झटका उसळतो. उलट, पाय आत वळेनासा झालाय, हे फिजिओथेरपिस्टच्या हाताला लवकर कळतं. ते वेळेत डॉक्टरला कळलं, तर एमआरआय लांबत नाही.

दोघांच्या नोंदी जोडायला क्रमांक हवा; पण प्लमरचा क्रमांक दवाखान्याच्या चार भिंतींत राहायचा. रोग्याबरोबर चालणाऱ्या क्रमांकाची पायवाट इथूनच गेली : शेजारच्या शहादा तालुक्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातली पहिली आधार कार्डं वाटली गेली. २७ सप्टेंबर २०२१ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं; त्यातला चौदा अंकी आरोग्य-क्रमांक म्हणजे 'आभा'. तो आधारवरूनही काढता येतो. नोंद जिथे झाली तिथेच राहते. रोग्याने संमती दिली तर दुसऱ्याला दिसते, आणि ती संमती त्याला मागेही घेता येते. म्हणजे डॉक्टरच्या वहीपासून निघालेला कागद अखेर रोग्याच्या हाती आला.

फक्त ही संमती मोबाइलवर द्यायची असते. घरातला एकुलता फोन ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या मुलाच्या खिशात असेल, तर? तोवर खुंटीवरची केसपेपरांची पिशवी उतरवू नये.